कोळंबीच्या टरफलांचं कायटोसान: न विरघळणाऱ्या गाठी, दह्यासारखे नॅनोकण आणि ९० टक्क्यांचा संशयास्पद आकडा

प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका फार्मसी महाविद्यालयात एम.फार्म. करणारी विद्यार्थिनी मिरकरवाडा बंदरातून आणलेल्या कोळंबीच्या टरफलांपासून कायटोसान बनवते आहे. (टरफलात कायटिन असतं, म्हणजे साखरेच्या कड्यांची लांब साखळी; तिच्यावरचे अ‍ॅसिटिल गट काढले की कायटोसान मिळतं.) त्याचे टीपीपीच्या (सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट, कायटोसानच्या साखळ्या एकत्र बांधणारा क्षार) साहाय्याने नॅनोकण करून त्यात डायक्लोफेनॅक सोडियम हे वेदनाशामक भरायचं आहे. तीन बॅचेस झाल्या. कायटोसान १ टक्का अ‍ॅसेटिक आम्लात पूर्ण विरघळत नाही, जेलीसारखे पारदर्शक तुकडे तरंगत राहतात. रंग फिक्या चहाचा. टीपीपी घातल्यावर कधी निळसर धूसर द्रावण मिळतं, कधी फाटलेल्या दुधासारखे गठ्ठे. डीडी, म्हणजे डीअ‍ॅसिटिलेशनचं प्रमाण (किती अ‍ॅसिटिल गट निघून अमिनो गट मोकळे झाले), तीन बॅचना अनुक्रमे ७२, ८४ आणि ९१ टक्के. औषध कणांत अडकण्याचं प्रमाण मात्र तिन्ही वेळा ९० टक्क्यांच्या वर. नेमकं कुठे चुकतंय?

पाचही तक्रारींमध्ये सगळ्यात जास्त संशय मला त्या शेवटच्या, चांगल्या दिसणाऱ्या आकड्याचा येतो. त्याकडे शेवटी येतो. बाकी चारांचं मूळ नॅनोकणांच्या बीकरमध्ये शोधू नका, टरफलांच्या बादलीत शोधा.

टरफलं आधी. बंदरावर मिळणारा ढीग एकजिनसी नसतो. त्यात डोकी असतात, पाय असतात, सोलट आणि टायगरबरोबर तळ्यातली व्हॅनामी असते, कधी चिंबोरीचे तुकडेही. डोक्यात पाचकग्रंथी असते, तिच्यातली विकरं कोळंबी मेल्यावर काही तासांतच आसपासची प्रथिनं पचवायला लागतात. उन्हाळ्यात दुपारी अकराला उचललेला ढीग आणि पहाटे बर्फावरून उचललेला ढीग ही रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन वेगळी द्रव्यं आहेत. म्हणून डोकी सरळ काढून टाका आणि फक्त पोटाकडची सालं घ्या, शक्यतो एकाच जातीची. कोळंबी सोलणाऱ्या शेडमधून घेतली तर जात विचारता येते, वेळ विचारता येते, आणि काळे डाग पडू नयेत म्हणून माल सोडियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्यात बुडवला होता का तेही विचारता येतं. बाजारात सुकलेला जवळा स्वस्त मिळतो म्हणून तो घेण्याचा मोह होतो. तो टाळा. जवळा म्हणजे अख्खा जीव, त्यात साल कमी आणि मांस जास्त. कायटिन थोडं हाती लागतं आणि प्रथिन काढता काढता अर्धा कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) संपतो.

तीन बॅचेस तीन वेळा बंदरावर जाऊन केल्या असतील तर आकडे जुळण्याची अपेक्षाच चूक आहे. एकाच दिवशी ५ किलो ओली सालं आणा. ओल्या सालीत साधारण तीन चतुर्थांश पाणीच असतं, त्यामुळे सुकल्यावर सव्वा किलोच्या आसपास उरतात. कोरड्या सालीत कायटिन ढोबळमानाने पाचवा हिस्सा धरा. धुण्यात, गाळण्यात हातून बरंच गेलं तरी शेवटी १०० ग्रॅमच्या वर कायटोसान राहतं, आणि नॅनोकणांच्या एका प्रयोगाला ५० मिलिग्रॅम लागतं. म्हणजे अख्ख्या प्रबंधाला एकच लॉट पुरतो. जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते हे लक्षात ठेवून हे काम एप्रिल-मेमध्येच उरका. पावसात टरफलं मिळाली तरी सुकत नाहीत, कुजतात.

सुकवण्याबद्दल एक खास किनाऱ्यावरची गोष्ट. आपल्याकडे मासळी सुकते ती वाळूवर किंवा वाळूच्या शेजारी. वाऱ्याने वाळूचे कण सालीच्या आतल्या वळणात जाऊन बसतात. वाळू हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळत नाही, कॉस्टिकमध्येही दाद देत नाही, आणि थेट तुमच्या कायटोसानमध्ये येते. मग राख (जाळल्यावर उरणारा खनिज भाग) २ टक्के आली की विद्यार्थी आम्ल वाढवत बसतात, साखळी तुटते, राख तेवढीच राहते. राखेवर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालून गरम करा: जे विरघळतं ते राहिलेलं कॅल्शियम, जे तळाशी कचकचतं ती वाळू. सालं गोड्या पाण्यात तीन-चारदा खळबळून धुवा, ट्रे ड्रायरमध्ये ६० अंशांना सुकवा आणि मिक्सरमध्ये भरड करा. पीठ करू नका. पिठासारखं दळलं की पुढे धुताना कापडातून निसटतं किंवा गाळणी चोंदवतं. ४० नंबरच्या चाळणीच्या, म्हणजे ४२५ मायक्रॉनच्या, आसपासचा दाणा सोयीचा.

आता आम्ल. २०० ग्रॅम कोरड्या सालीत ४० टक्के कॅल्शियम कार्बोनेट धरलं तर ते ८० ग्रॅम, म्हणजे ०.८ मोल. त्याला हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं दुप्पट, १.६ मोल. बरेच जण १ मोलर आम्ल १:१० प्रमाणात घेतात, म्हणजे २ लिटर, २ मोल. वरवर पुरेसं दिसतं. पण साल जाड असली आणि कार्बोनेट ५० टक्के निघालं तर बरोबर २ मोलच खर्च होतात, शेवटी आम्ल उरतच नाही आणि सालीच्या गाभ्यात चुना तसाच राहतो. म्हणून १:१५ घ्या, म्हणजे २०० ग्रॅमला ३ लिटर. ३५ टक्के आम्लापासून १ मोलर करायला लिटरला सुमारे ८८ मिली लागतं. आम्ल एकदम ओतू नका: त्या ०.८ मोल कार्बोनेटमधून जवळपास २० लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो आणि उरलेल्या प्रथिनामुळे त्याचा साबणासारखा फेस होतो. १० लिटरची प्लॅस्टिकची बादली, आम्ल चार-पाच हप्त्यांत, खोलीच्या तापमानाला एक ते दोन तास. फेस थांबला म्हणजे काम झालं असं नाही, शेवटी पीएच बघा. १ च्या आसपास असायला हवा. वर गेला असेल तर आम्ल संपलंय, नवीन घालून आणखी अर्धा तास द्या.

हे सगळं थंडच करायचं. घाई म्हणून गरम केलं किंवा २-३ मोलर आम्ल घेतलं तर चुना लवकर जातो खरा, पण साखरेच्या कड्यांमधले दुवेही तुटतात. कायटोसानची चिकटपणाची ताकद इथेच गेलेली असते आणि तिचा पत्ता लागतो तो दोन महिन्यांनी.

धुण्याचं पाणी हा रंगाच्या तक्रारीतला मोठा आरोपी. जांभ्याच्या पट्ट्यात जिथे विहिरीच्या पाण्याला लोहाची लाली असते, तिथे ते पाणी शेवटच्या धुण्याला वापरू नका. कायटोसानच्या अमिनो गटांना लोह, तांबं असे धातू पकडून ठेवायची सवय आहे. पाण्याच्या शुद्धीकरणात ते वापरतात ते त्याचसाठी. तुम्ही धूत असता आणि ते गाळत असतं. किनाऱ्याजवळच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात, तो क्लोराइडचा वेगळाच भाग. पहिली धुणी नळाच्या पाण्याची चालतील, शेवटच्या तीन मात्र डिस्टिल्ड पाण्याच्याच. आम्लानंतरचं धुणं पुरं झालं का हे सिल्व्हर नायट्रेटच्या दोन थेंबांनी कळतं: पांढरा गढूळपणा येत असेल तर अजून धुवा.

प्रथिन काढायला १ मोलर कॉस्टिक, म्हणजे लिटरला ४० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड, १:१५, ७० ते ८० अंश, दोन तास. द्रव गडद तपकिरी होतो. तो ओतून ताजा कॉस्टिक घालून पुन्हा दोन तास. द्रव जवळपास रंगहीन येईपर्यंत हे करायचं. बहुतेक वेळा दोन फेऱ्या पुरतात, शिळ्या सालीला तीन लागतात. शेवटच्या फेरीच्या द्रवात विरल कॉपर सल्फेटचे दोन थेंब घालून पाहा, जांभळट छटा आली तर प्रथिन अजून आहे. ही बायुरेट चाचणी शाळेतली म्हणून कोणी करत नाही, आणि तिथेच पुढच्या मोजमापांचा पाया कच्चा राहतो. कोळंबीच्या अ‍ॅलर्जीला मुख्यतः कारण होणारं ट्रोपोमायोसिन हेही प्रथिनच आहे, तेव्हा औषधी वापराचं नाव घेणाऱ्याने इथे कंजुषी करू नये.

राहिलेला गुलाबी रंग अ‍ॅस्टाझँथिनचा. तो तेलकट रंग, अ‍ॅसिटोनमध्ये उतरतो. कायटिन अ‍ॅसिटोनमध्ये तासभर ढवळा, गाळा, हुडखाली उडवून टाका. अ‍ॅसिटोन आयसीएचच्या (औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या) तिसऱ्या, कमी विषारी वर्गातलं द्रावक आहे, मर्यादा ५००० पीपीएम, नीट सुकवलं तर सहज गाठता येते. सोडियम हायपोक्लोराइटने साल पांढरीशुभ्र होते म्हणून लोक त्याच्याकडे वळतात. कायटिनवर अगदी विरल आणि पाच-दहा मिनिटं इतपत ते सोसतं. तयार कायटोसानवर ते कधीच वापरू नका, साखळीचे तुकडे होतात. आणि आम्लाची बादली शेजारी असताना तर हायपोक्लोराइटची बाटली उघडूसुद्धा नका, क्लोरीन वायू सुटतो. थोडा मोतिया रंग राहिला तर राहू द्या. पांढरेपणाला औषधशास्त्रात गुण नाहीत.

आता गाठींचा मुद्दा. कायटिन हे घन रूपातच ५० टक्के कॉस्टिकमध्ये शिजतं, विरघळत नाही. त्यामुळे दाण्याचा बाहेरचा थर आधी बदलतो, आतला स्फटिकी गाभा मागे राहतो. सरासरी डीडी ७२ आला तरी त्यात बाहेर ८५ आणि आत ५० असू शकतं. बाहेरचं विरघळतं, आतलं नुसतं फुगतं. तेच तुमचे जेलीचे तुकडे. जास्त अ‍ॅसेटिक आम्ल घालून किंवा रात्रभर ढवळून ते जाणार नाहीत.

यावर तीन उपाय, तिन्ही एकदम करायचे. पहिला: कायटिन १०० अंशांना कडकडीत सुकवू नका. साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून दाणा शिंगासारखा होतो आणि कॉस्टिक आत शिरत नाही. दाबून पाणी काढलेलं ओलसर कायटिन थेट वापरलं तर उत्तम, पण मग हिशेब करा: १०० ग्रॅम कायटिनबरोबर १५० ग्रॅम पाणी आलं आणि तुम्ही दीड किलो ५० टक्के कॉस्टिक घेतला, तर प्रत्यक्षात तो साडेपंचेचाळीस टक्केच राहतो. दुसरा: दाणा सारखा असू द्या. तिसरा आणि सगळ्यात परिणामकारक: एक लांब शिजवणी करण्याऐवजी दोन छोट्या करा. १०० अंशांना दोन तास, गाळून धुवायचं, दाबायचं, ताज्या कॉस्टिकमध्ये पुन्हा दीड ते दोन तास. मधल्या धुण्याने दाणा फुगून सैल होतो आणि दुसऱ्या वेळी कॉस्टिक गाभ्यापर्यंत पोचतो. सलग सहा तास शिजवून डीडी फारसा वाढत नाही, साखळी मात्र तुटत राहते, कारण गरम अल्कलीत हवेतला ऑक्सिजन तिला कुरतडतो. नायट्रोजनचा सिलिंडर असेल तर बारीक बुडबुडे सोडत राहा. नसेल तर किमान झाकण घट्ट ठेवा आणि उगाच ढवळू नका.

कॉस्टिकच्या डब्याबद्दल कोकणात वेगळं सांगावं लागतं. जुलैच्या हवेत गोळ्या उघड्या राहिल्या की डोळ्यांदेखत ओल्या होतात, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्यांचं कार्बोनेट होतं. मग ५०० ग्रॅम गोळ्या आणि ५०० ग्रॅम पाणी हे ५० टक्के राहत नाही. प्रत्येक वेळी द्रावणातला थोडा भाग विरल करून प्रमाणित आम्लाने टायट्रेट करा. द्रावण करताना गोळ्या पाण्यात, थोड्या थोड्या, बर्फाच्या पाण्यात भांडं ठेवून. भांडं स्टेनलेस स्टीलचं. गरम कॉस्टिक काच खातो, घासकाचेचं तोंड जाम होतं, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात तर हायड्रोजन निघतो. डोळ्यांवर गॉगल, चेहऱ्यावर शील्ड, पूर्ण बाह्यांचे हातमोजे. ५० टक्के गरम कॉस्टिकचा एक थेंब डोळ्यात गेला तर मागे फिरता येत नाही. मध्येच वीज गेली तर किती मिनिटं तापमान ९० च्या खाली होतं ते वहीत लिहा आणि ती बॅच वेगळी ठेवा. ‘चालून जाईल’ म्हणून दुसऱ्यात मिसळली की दोन्ही गेल्या.

शिजल्यावर धुणं कंटाळवाणं आहे. फुगलेल्या दाण्यात कॉस्टिक दडून बसतो आणि त्याच्यासोबत सोडियम अ‍ॅसिटेट, कारण निघालेले अ‍ॅसिटिल गट त्याच रूपात बाहेर पडतात. लिटमसवर भागवू नका, कंडक्टिव्हिटी मीटर लावा. धुण्याचं पाणी डिस्टिल्ड पाण्याच्या जवळ आलं की थांबा. मग ५० ते ६० अंशांना सुकवा. जास्त तापवलं तर कायटोसान पिवळट पडतं, तुमच्या चहाच्या रंगात त्याचाही वाटा असेल.

आता ७२, ८४, ९१. हे आकडे खरेच वेगळे असतील, पण आधी मोजणी तपासा. टायट्रेशनने डीडी काढताना ०.२ ग्रॅम कायटोसान २० मिली ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवतात आणि ०.१ मोलर कॉस्टिकने पीएच मीटरवर टायट्रेट करतात. दोन चढ मिळतात. पहिला जादा आम्लाचा, दुसरा अमिनो गटांचा. दोन चढांमधला कॉस्टिक म्हणजे अमिनो गट. त्या मोलांना ‘एन’ म्हणा आणि कोरड्या वजनाला ग्रॅममध्ये ‘व’ म्हणा. डीडी = २०३.२ × एन ÷ (व + ४२ × एन), गुणिले १००. दोन चढांत १० मिली लागले तर एन ०.००१, आणि व ०.२ धरलं तर उत्तर येतं ८४.

पण कायटोसान हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात त्यात १० टक्के पाणी असणं काहीच विशेष नाही. तसं असेल तर खरं कोरडं वजन ०.१८ ग्रॅम, आणि त्याच टायट्रेशनचं उत्तर होतं साडेएक्याण्णव. एकच पावडर, एकच ब्युरेट, आणि साडेसात टक्क्यांचा फरक फक्त दमटपणाचा! तुमच्या ८४ आणि ९१ मधलं अंतर किती हे पाहा आणि मग ठरवा. उपाय सोपा आहे: प्रत्येक वजनाच्या वेळी वेगळा नमुना १०५ अंशांवर स्थिर वजनापर्यंत सुकवून ओलावा काढा आणि त्याने वजन दुरुस्त करा. वजन झाकणाच्या बाटलीत करा. उघड्या कागदावर आकडा सरकत राहतो. दुसरी चूक, धुणं अपुरं राहिलं असेल तर सोडियम अ‍ॅसिटेट त्याच दोन चढांच्या मध्ये कॉस्टिक खातं आणि डीडी फुगवून दाखवतं. दुसऱ्या चढाजवळ, पीएच ६.२ च्या पुढे, कायटोसान बाहेर पडायला लागतं, तिथे ०.१ मिलीच्या पायरीने जा आणि प्रत्येक वेळी सुई स्थिर होऊ द्या. आयआरच्या (अवरक्त वर्णपटाच्या) पट्ट्यांवरून काढलेला डीडी आधार म्हणून ठीक, एकमेव पुरावा म्हणून नाही. ओलावा तिथेही ३४५० प्रति सेंटीमीटरच्या पट्ट्यात घुसतो.

डीडीइतकाच रेणुभार, म्हणजे साखळी किती लांब आहे ते, महत्त्वाचा आणि प्रबंधांत तोच बहुधा गायब असतो. उब्बेलोड व्हिस्कोमीटर (द्रावण बारीक नळीतून वाहायला किती वेळ लागतो ते मोजणारं काचेचं उपकरण) महागडा नाही. ०.१ मोलर अ‍ॅसेटिक आम्ल आणि ०.२ मोलर मीठ या द्रावकात २५ अंशांना चार-पाच तीव्रतांवर वेळ मोजा, इंट्रिन्सिक व्हिस्कॉसिटी (तीव्रता शून्याकडे नेल्यावर उरणारा साखळीचा स्वतःचा चिकटपणा) काढा. याच द्रावकासाठी, व्हिस्कॉसिटीवरून रेणुभार देणाऱ्या मार्क-हाउविंक समीकरणात के ०.००१८१ मिली प्रति ग्रॅम आणि घातांक ०.९३ हे रॉबर्ट्स आणि डॉमझी यांचे आकडे १९८२ पासून वापरात आहेत. इंट्रिन्सिक व्हिस्कॉसिटी ४०० आली तर रेणुभार साधारण साडेपाच लाख. आपल्याकडे एप्रिलमध्ये खोलीच ३३ अंशांवर असते, तेव्हा वॉटर बाथला थंडावाही लागेल, नुसता हीटर पुरणार नाही. द्रावण ताजं वापरा. आम्लात आठवडाभर पडलेलं कायटोसान आपोआप पातळ होत जातं.

आता टीपीपी. या पद्धतीला वळण दिलं ते स्पेनमधल्या सांतियागो द कोंपोस्तेला विद्यापीठातल्या काल्व्हो, आलोन्सो आदींनी १९९७ मध्ये. पद्धत सोपी दिसते म्हणूनच फसवते. कायटोसान १ मिलिग्रॅम प्रति मिली, विरल अ‍ॅसेटिक आम्लात, रात्रभर ढवळून. पीएच कॉस्टिकने ४.७ ते ५. मग ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं. गाळताना सिरिंज अडते, ही तुमच्या गाठींची थेट परीक्षा. गाळल्यावर खरी तीव्रता किती राहिली हे थोडं द्रावण सुकवून मोजा, कारण फिल्टरवर गेलेला भाग हिशेबात न धरल्याने टीपीपीचं प्रमाण नकळत जास्त पडतं. दह्यासारख्या गठ्ठ्यांचं हे एक नेहमीचं कारण. टीपीपीही १ मिलिग्रॅम प्रति मिली, त्याच दिवशी केलेलं. त्याचं द्रावण अल्कधर्मी असतं, पीएच ९ च्या जवळ. टीपीपी कायटोसानमध्ये घालायचं, उलट नाही. उलट केलं तर पहिल्या थेंबाभोवती टीपीपीचा पूर असतो आणि गठ्ठाच होतो. ७०० फेरे प्रति मिनिट, मिनिटाला अर्धा ते एक मिली, वजनाचं प्रमाण ५:१ पासून ३:१ पर्यंत अर्ध्या-अर्ध्या पायरीने तपासा. द्रावण स्वच्छ आहे तोवर कण नाहीत; उजेडात निळसर झाक आली की कण आहेत; दुधाळ होऊन तळ धरला की पुढे गेलात. निळसर खिडकी प्रत्येक लॉटची वेगळी असते. रेणुभार जास्त तसे कण मोठे आणि खिडकी अरुंद. म्हणूनच बंदरावरून तीनदा आणलेल्या मालावर एकच ठरीव कृती चालत नाही.

डीएलएसमध्ये (प्रकाशाच्या विखुरण्यावरून कणांचा आकार मोजताना) पीडीआय, म्हणजे आकारांमधली तफावत, ०.३ च्या वर असेल तर सरासरी आकाराचा आकडा लिहायला तोंड नाही. झीटा, म्हणजे कणाच्या पृष्ठभागाजवळचा विद्युत विभव, धन, २५ ते ४० मिलिव्होल्टच्या दरम्यान, यायला हवा. आणि कण फॉस्फेट बफरमध्ये, ७.४ पीएचला, टाकून मोजू नका: कायटोसानचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे गट भारित असतात तो) साडेसहाच्या आसपास, ७.४ त्याच्या वर, तिथे त्याचा भार संपतो आणि कण एकमेकांना मिठ्या मारतात.

शेवटी ते ९० टक्के. डायक्लोफेनॅकचा पीकेए ४ च्या आसपास आहे आणि त्याचं आम्लरूप पाण्यात जवळपास विरघळतच नाही. तुमचं कायटोसान पीएच ४.७ ते ५ ला. तिथे मिलीला अर्धा मिलिग्रॅम डायक्लोफेनॅक सोडियम टाकलं की त्यातलं बरंचसं आम्लरूपात बाहेर पडतं, बारीक स्फटिकांच्या रूपात. मग सेंट्रिफ्यूज केलं की कणांबरोबर ते स्फटिकही तळाला. वरच्या द्रवात औषध उरलं नाही, म्हणून ते कणांत आहे असा निष्कर्ष. ते कणांत नाही, कणांशेजारी आहे.

तपासायला एक दुपार पुरते. कायटोसान न घालता बाकी सगळं तसंच करा: तेच आम्ल, तोच पीएच, तेच टीपीपी, तेवढंच औषध. सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव मोजा. औषध तिथेही गायब झालं तर तुमचे ९० टक्के म्हणजे गाळ. सोबत एक थेंब ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा, सुया चमकतील. आणि २७६ नॅनोमीटरला मोजताना ब्लँक म्हणून नुसतं पाणी नको, औषध न घातलेल्या कणांचा वरचा द्रव घ्या. राहिलेलं प्रथिन २८० च्या आसपास शोषतं, बायुरेट टाळली असेल तर ते इथे औषधाचं सोंग घेऊन उभं राहतं. म्हणजे एक चूक आकडा वर ढकलते, दुसरी खाली, आणि दोन्ही मिळून कधी कधी अगदी विश्वासार्ह दिसणारा आकडा तयार होतो.

डायक्लोफेनॅकच ठेवायचं असेल तर माझं मत नॅनोकण सोडून मणी करण्याचं आहे. २ टक्के कायटोसानमध्ये औषध मिसळून, ते विरघळलेलं नाही हे मान्य करून, २१ ते २३ गेजच्या सुईतून २ टक्के टीपीपीत थेंब थेंब सोडा. दीड-दोन मिलिमीटरचे मणी मिळतात, औषध आत स्फटिकरूपातच असतं, आणि टीपीपीत किती वेळ ठेवलं त्यावर आत अडकलेलं औषध आणि मण्याचा कडकपणा दोन्ही ठरतात. यात लपवण्यासारखं काही नाही. नॅनोकणच हवे असतील तर औषध बदला, पण मेटफॉर्मिनसारखं छोटं, पाण्यात सहज विरघळणारं, धन भाराचं औषध निवडू नका. कायटोसानही धनच, ते त्याला धरून ठेवणार नाही.

रिलीझ, म्हणजे कणांतून औषध किती वेगाने सुटतं ते, ६.८ पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये घ्याल तेव्हा डायलिसिस पिशवीत (औषध जाऊ देणारी, कण अडवणारी पातळ पिशवी) नुसत्या औषधाचं द्रावण भरून एक प्रयोग आधी करा. पिशवीच औषध चार तास अडवत असेल तर तुमचा ‘संथ रिलीझ’चा आलेख पिशवीचा आहे. बाहेरचं माध्यम एवढं हवं की सगळं औषध सुटलं तरी ते संपृक्ततेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ नये, आणि दर वेळी काढलेल्या ५ मिलीची भरपाई गणितातही करा.

उरलेलं कायटोसान घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, सिलिका जेलसह डेसिकेटरमध्ये ठेवा. बाटलीवर सालीची जात, आणल्याची तारीख, ओलावा, राख, डीडी आणि इंट्रिन्सिक व्हिस्कॉसिटी लिहा. वापरलेलं आम्ल आणि कॉस्टिक हुडखाली हळूहळू एकमेकांत मिसळून पीएच ७ ला आणा. प्रथिनाचा वास येतो, खिडक्या उघडा. खाडीत ओतू नका. प्राण्यांवर काही करायचं ठरलं तर प्राणी नैतिकता समितीची परवानगी आधी, आणि त्याच्याही आधी शिसं, कॅडमियम, पारा, आर्सेनिक यांची तपासणी: समुद्रतळावर चरणाऱ्या जिवाच्या सालीत काय साठलं आहे ते डोळ्यांना दिसत नाही.